घोडा घ्यायचाय, पण जुना

प्रश्न : नऊ वर्षं दुसऱ्याच्या ट्रेलरवर ड्रायव्हर आहे, न्हावा-शेवा ते भिवंडी. आता स्वतःचा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, घेतोय. कळंबोलीत २०१७ सालचा दाखवलाय, रंग चकाचक. घेऊ का?
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : भाऊ, त्या रंगाचीच मला भीती वाटते. मीही पहिली गाडी रंग बघूनच घेतली होती. पावसाळ्यात पोपडे निघाले आणि फिफ्थ व्हीलच्या (ट्रेलर जोडायच्या चकतीच्या) खालची चासी वेल्डिंगने जोडलेली दिसली. तेव्हा टॉर्च घेऊन आडवे व्हा, चासीवर बोट फिरवा. उंचवटा लागला तर चहा पिऊन घरी या.

सकाळी न सांगता जा. इंजिनाला हात लावा, आधीच गरम असेल तर तुमच्यासाठी चालू करून ठेवलंय. थंड स्टार्ट तुमच्यासमोरच हवा. मग गाडी चांगली तापू द्या आणि चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण सैल करा. भसाभसा धूर आला की पिस्टन-रिंगांचं काम जवळ आलं समजा. टायर रिमोल्ड, म्हणजे झिजल्यावर नवं रबर चढवलेले, आहेत का, तेही बघा. दहा टायर म्हणजे लहान रक्कम नव्हे.

कागदांचं थोडक्यात : आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं. थकलेली ई-चलानं गाडीच्या नंबरावरून परिवहनच्या साइटवर दिसतात. कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. दलाल "उद्या देतो" म्हणेल. पैसेही उद्याच द्या.