झेडपी विधानसभेला उत्तर देते का?

थेट नाही, पण देते. विधानमंडळाची पंचायत राज समिती असते, झेडपीत सगळे तिला पीआरसी म्हणतात, दोन्ही सभागृहांचे आमदार असतात त्यात. लेखापरीक्षणात जे आक्षेप निघतात ते घेऊन ही समिती जिल्ह्यात येते आणि सीईओ, खातेप्रमुख, बीडीओ (गटविकास अधिकारी) यांना समोर बसवून साक्ष घेते, नंतर मंत्रालयातल्या सचिवांनाही बोलावते आणि मग अहवाल सभागृहात जातो. दौरा लागला की काय धावपळ असते ते आमच्या गावच्या शाळेत बघितलंय, आठवडाभर गुरुजी रजिस्टरं पूर्ण करत बसलेले, पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं न् पोतं मोजलं!

गोची अशी की पॅरा, म्हणजे लेखापरीक्षणातले आक्षेप, बऱ्याचदा इतके जुने असतात की ज्याने खर्च केला तो कधीच बदलून गेलेला असतो, उत्तर देणारा भलताच. आणि झेडपीचे निवडून आलेले पदाधिकारी यात बाजूलाच, जाब मुख्यतः अधिकाऱ्यांना. महापालिकेचं वेगळं, तिथे पीआरसी नाही, कॅगचा (देशाच्या महालेखापरीक्षकांचा) अहवाल आणि राज्याचं नगरविकास खातं. बाकी पंचायती-पालिकांना घटनेत स्थान देणाऱ्या 1992 च्या 73व्या-74व्या घटनादुरुस्तीनंतरही त्यांना अधिकार किती द्यायचे ते राज्याच्याच कायद्यावर आहे, त्यामुळे दोरी मुंबईतच राहते.