स्ट्राँग बिअर आवडते म्हणजे बिअर कळत नाही का?

तुमचा प्रश्न असा आहे: ऑफिसातले मित्र मायक्रोब्रुअरीत, म्हणजे स्वतःची बिअर बनवणाऱ्या छोट्या ठिकाणी, जाऊन आयपीए (इंडिया पेल एल, हॉप्सचा कडूपणा जास्त असलेली बिअर) मागवतात, तुम्हाला बाटलीतली थंडगार स्ट्राँग, म्हणजे जास्त अल्कोहोलची बिअर, आवडते, आणि त्यावरून ते तुम्हाला ‘तुला बिअर कळतच नाही’ असं ऐकवतात. तर बिअर ‘कळणं’ असं खरंच काही असतं, की तो नुसता तोरा?

मी पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत नऊ वर्षं काम केलं. पहिली तीन टॅपमागे, पुढची सहा टाक्यांपाशी. त्या अनुभवावरून सांगतो की बिअर कळणं असतं, आणि तोराही असतो. आमटी खाली लागली आहे हे वासावरून ओळखणं ही एक गोष्ट, आणि आमटीत गूळ हवा की नको ही दुसरी. पहिली शिकता येते. दुसरीवरून कोणी कोणाला कमी लेखू नये.

शिकता येतं म्हणजे काय, तर बिअरमधले दोष ओळखता येतात. लोण्याचा, बटर पॉपकॉर्नसारखा वास आला तर बहुतेक वेळा यीस्टला, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या खमिराला, काम पुरं करू दिलेलं नसतं. शिजवलेल्या मक्याचा वास आला तर माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, पाणी नीट उकळलेलं नसतं किंवा उकळल्यावर ते पटकन थंड केलेलं नसतं. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव लागली तर बिअर जुनी झाली, तिला हवा लागली. आणि बाटली उन्हात राहिली की हॉप्समधल्या (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांमधल्या) कडू द्रव्यांवर प्रकाशाचा परिणाम होऊन एक गंधकयुक्त उग्र वास तयार होतो. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी थोडाच, पारदर्शक जवळजवळ नाहीच. त्यामुळे दुकानाच्या दाराशी उन्हात मांडलेली हिरवी किंवा पांढरी बाटली मी घेत नाही, मग ती कितीही महागडी असो. मला हे सगळं कळायला दोन-अडीच वर्षं लागली. पण या ज्ञानात ‘आयपीए श्रेष्ठ, स्ट्राँग कनिष्ठ’ असं कुठेही लिहिलेलं नाही. खराब आयपीए मी भरपूर ओतून टाकली आहे.

आता कडूपणाचं. 1931 साली आर्थर फॉक्स नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत एक पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, तोंड कडू झालं, आणि फॉक्सला मात्र काहीच चव लागेना. पुढे लक्षात आलं की ती विशिष्ट कडू चव लागणं-न लागणं हे आनुवंशिक आहे. हॉप्सचा कडूपणा जिभेवरच्या वेगळ्या रिसेप्टर्समार्फत (चव टिपणाऱ्या घटकांमार्फत) कळतो, त्यामुळे त्या पुडीचा नियम बिअरला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण एकच पदार्थ दोन जिभांना सारखा लागतोच असं नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं. त्यात सवयीची भर पडते. लहानपणी कारल्याच्या भाजीला तोंड वाकडं करणारी किती माणसं चाळिशीत ती आवडीने खातात! आयपीएचंही बऱ्याच जणांच्या बाबतीत तसंच होतं. आणि काहींना कारलं जन्मभर आवडत नाही, त्यांचंही काही बिघडत नाही.

हे मला एका प्रसंगाने शिकवलं. माझे मामा सांगलीचे. एकदा पुण्यात आले तेव्हा मी मोठ्या अभिमानाने त्यांना आमची आयपीए दिली. एक घोट घेऊन ते म्हणाले, “अरे, ह्यात कडुलिंब घातलाय काय?” मी त्यांना पंधरा मिनिटं हॉप्सवर व्याख्यान दिलं. मामांनी ग्लास संपवला, कारण भाच्याने दिला होता, आणि त्या संध्याकाळी पुन्हा काही मागितलं नाही. आपण पाहुण्याचा आनंद घालवला हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. पुढच्या खेपेला त्यांना व्हीट बिअर, म्हणजे गव्हाची बिअर, दिली. तिच्यातला केळ्याचा आणि लवंगेचा वास कुठून आला, असं त्यांनी आपणहून विचारलं. मी सांगितलं की त्यात केळं नाही, लवंग नाही, सगळं त्या यीस्टचं काम. पुढचा अर्धा तास मामाच प्रश्न विचारत होते.

पेयावरून माणसाची पायरी ठरवण्याची खोड जुनी आहे, आणि तिचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसन ब्रुअरीची पेल एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई-कलकत्त्याला यायची. 1820 च्या दशकात इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या ब्रुअरीज त्यात उतरल्या आणि तिथल्या जिप्समयुक्त पाण्याने ती आणखी खुलली. पण ती प्यायचे मुख्यतः अधिकारी आणि कंपनीतले गोरे बाबू. साध्या गोऱ्या शिपायांसाठी पोर्टर नावाची काळी बिअर यायची, तीही प्रचंड प्रमाणात. आज तुमचे मित्र जिला जाणकारांची बिअर म्हणतात तिच्या नावातलं ‘इंडिया’ असं साहेबांच्या टेबलावरून आलेलं आहे. आणि शिपायांच्या छावणीचं नाव? नाशिकजवळची देवळाली. तिथे मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन्महिने काढणारे शिपाई वेडेपिसे व्हायचे, म्हणून इंग्रजीत वेडसर या अर्थी ‘डूलाली’ हा शब्द रूढ झाला. 2009 साली पुण्यात सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीने तेच नाव घेतलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

स्ट्राँगबद्दल माझं मत विचाराल तर मला ती फारशी आवडत नाही. घशात अल्कोहोलची जळजळ राहते आणि मागे एक गोडसरपणा रेंगाळतो. पण भारतात सर्वात जास्त तीच खपते, आणि कारणं स्वच्छ आहेत. परमिट रूममध्ये किंवा वाइन शॉपवर माइल्ड आणि स्ट्राँगच्या किमतीत थोडाच फरक असतो, त्यामुळे हिशेबी माणूस स्ट्राँग घेतो. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात बर्फासारखी गार बाटली हवी असते, आणि तीन-चार अंशांवर नाजूक वास तसेही नाकापर्यंत पोचत नाहीत. अशा वेळी ठसका असलेली बिअर आवडली तर त्यात नवल काय? फक्त एक हिशेब डोक्यात ठेवा. 650 मिलीच्या बाटलीत पूर्ण 8 टक्के धरले तर 52 मिली शुद्ध अल्कोहोल होतं, म्हणजे व्हिस्कीच्या 60 मिलीच्या दोन पेगांइतकं. ‘एकच तर बिअर घेतली’ म्हणून गाडीला किल्ली लावू नका.

आणि साध्या फिक्या लागरला, म्हणजे बाटलीत मिळणाऱ्या नेहमीच्या सोनेरी बिअरला, हसणाऱ्यांचं मला खरोखर वाईट वाटतं. आमचे मुख्य ब्रूअर म्हणायचे, नवा माणूस आला की त्याच्याकडून आधी लागर करून घ्या. आयपीएमध्ये थोडी चूक झाली तर हॉप्सचा भडिमार ती झाकतो. लागरमध्ये झाकायला काहीच नसतं. एलचं, म्हणजे आयपीएसारख्या बिअरचं, यीस्ट अठरा-बावीस अंशांवर काही दिवसांत काम उरकतं. लागरचं यीस्ट आठ ते तेरा अंशांवर संथ चालतं, आणि नंतर कित्येक आठवडे बिअर गार टाकीत मुरवावी लागते. इतके दिवस टाकी अडकते, विजेचं बिल येतं, आणि शेवटी जरासा लोण्याचा वास आला तरी लपत नाही. 1842 मध्ये पिल्झेन गावात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) योझेफ ग्रोल या ब्रूअरने केलेली सोनेरी लागर पाहून जगाची बिअर बदलली, ती काही अडाण्यांच्या जिभेमुळे नव्हे.

मित्रांना पटवायचं असेल तर वाद घालू नका, चाखून बघा. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात बॉस्टनजवळच्या पबमध्ये लोकांना बाल्सॅमिक व्हिनेगरचे (द्राक्षांच्या गडद, आंबट व्हिनेगरचे) थेंब घातलेली बिअर दिली होती. आधी सांगितलेल्यांना ती नकोशी झाली. चाखल्यानंतर सांगितलेल्यांना ती तितकीच आवडली, जितकी अजिबात न सांगितलेल्यांना. नाव आधी कानावर पडलं की जीभ त्याच्या मागे जाते, हे माझ्याही बाबतीत खरं आहे. आमच्याकडे तीन ग्लासांची चाचणी व्हायची: दोनात एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळी कोणती ते ओळखायचं. पहिल्या वर्षी मी दोन लागरांमध्ये लागोपाठ चार वेळा चुकलो.

घरी हे सहज जमतं. मित्रांच्या आवडीच्या दोन आयपीए घ्या, एक तास आधी शेजारी-शेजारी फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे दोन्ही सारख्याच गार होतील. ओतणारा माणूस वेगळा असू द्या आणि रंग दिसू नये म्हणून स्टीलचे पेले वापरा. चकणा नंतर काढा, तिखट शेंगदाण्यांनी जीभ बधिर होते. आणि प्रत्येकाने उत्तर कागदावर लिहायचं. पहिला मोठ्याने बोलला की बाकीच्यांनाही तेच लागायला लागतं.