काचेला चिकटलेला 'व'

प्रश्न : सासऱ्यांची गिरगावातली खोली रिकामी करताना माळ्यावर फ्रेम केलेलं एक चित्र सापडलं. कागदावर निळ्या-काळ्या शाईचे ओघळ, मधे गेरूचा पट्टा. आकृती कसलीच नाही. कोपऱ्यात 'व' आणि '६८'. आकार २२ बाय १५ इंच. जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ म्हणाले, "गायतोंडे असू शकतो, पण सही पुरी नाही, पाच हजार देतो." द्यावं का? पुढचा-मागचा फोटो सोबत आहे.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, देऊ नका. निदान आत्ता तरी नको.

२०१५ साली मुंबईतल्या लिलावात अमूर्त चित्रकार गायतोंड्यांचं एक तैलचित्र एकोणतीस कोटींच्या वर गेलं, तेव्हापासून माळ्यावरची निम्मी चित्रं त्यांचीच निघू लागली आहेत. वासुदेव गायतोंडे गिरगावात वाढले हे खरं. पण 'व'वरून वसंत, वामन, विश्वनाथही होतात, आणि तेही गिरगावातच वाढत होते.

पाठीचा फोटो पाठवलात हे उत्तम. फ्रेमवाल्याच्या लेबलावर नुसतं 'मुंबई ४', म्हणजे जुना टपाल विभाग, आहे. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला. त्यानंतरचं लेबल असतं तर बहुधा ४००००४ दिसलं असतं. म्हणजे फ्रेम जुनीच असावी, आणि काचेआडचं '६८' मागाहून कुणी घातलेलं वाटत नाही. २२ बाय १५ म्हणजे हाफ इम्पीरियल, चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचा नेहमीचा कागद. माझा अंदाज, हे कुणा उमेदवाराचं काम असावं. हात मात्र कच्चा नाही. गेरूचा पट्टा शाई ओली असताना ओढलाय, आणि तो नेमका कुठे थांबवायचा हे त्याला कळलं होतं.

आता काळजीची गोष्ट. माउंट, म्हणजे काच आणि चित्र यांच्यामधली पुठ्ठ्याची चौकट, दिसत नाही; कागद थेट काचेला टेकलाय. डावीकडे वर जो चकचकीत डाग दिसतो, तिथे शाई काचेला धरली असणार. फ्रेम घरी उघडू नका. नवशिका असताना मी असाच एक कागद ओढून काढला होता. अर्धा लाल रंग काचेवर राहिला. ती काच अजून माझ्याकडे आहे. कागदाचं काम करणाऱ्या संवर्धकाकडेच न्या, आणि कडा कापून 'साफ' करू देऊ नका. उघडल्यावर कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं नाव, हजेरीचा नंबर, प्रदर्शनाची चिठ्ठी, काही आहे का ते पाहायला सांगा. भिंगातून छपाईचे ठिपके दिसले, म्हणजे ती छापील प्रत निघाली, तर मात्र सगळंच मुसळ केरात.

आजच्या घडीला, नाव नाही, विक्रीचा इतिहास नाही, म्हणून मी किंमत आठ ते बारा हजार लिहीन. नाव लागलं आणि चित्रप्रदर्शनं भरवणाऱ्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या एखाद्या जुन्या कॅटलॉगात सापडलं, तर पुन्हा लिहा.

सासूबाई आहेत ना? त्यांना विचारा, अडुसष्ट साली खोलीवर जेवायला कोण 'व' यायचा.