वर्गात परदेशी विद्यार्थी आला आहे, मैत्री कशी करू? त्यांच्याकडचं आणि आपल्याकडचं विद्यापीठातलं जीवन किती वेगळं असतं?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या घरातलं जुनं भांडण आठवलं.

मी अमळनेर तालुक्यातला. एम.एस्सी.ला पुण्यात होतो. माझं ‘ळ’ आणि ‘ण’ ऐकून वर्ग हसायचा, त्यामुळे पहिल्या सत्रात मीही अर्धा परदेशीच होतो. शेजारच्या बाकावर इथिओपियाचा मुलगा, सरकारी शिष्यवृत्तीवर आलेला. एकदा ऑफिसात फॉर्म भरताना क्लार्कने विचारलं, “आडनाव?” त्यांच्याकडे आडनाव नसतंच, स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. क्लार्कने आजोबांचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकलं आणि पुढे दोन वर्षं हजेरीत तेच पुकारलं गेलं. तो म्हणायचा, “आजोबा वारले, त्यांची हजेरी कशाला घेता?” याच सवयीने तो आमच्या एचओडींना ‘प्रोफेसर’ म्हणून पुढे त्यांचं पहिलं नाव घ्यायचा. तिकडे हाच आदर. इकडे वर्गाचा श्वास अडकला.

तुम्ही विचारलेला फरक थोडक्यात सांगतो. तिकडे बारावीच्या देशपातळीवरच्या परीक्षेनंतर कुठल्या सरकारी विद्यापीठात जायचं ते बहुतेक वेळा सरकार ठरवतं. घरापासून शेकडो किलोमीटर लांब पाठवतील, पण राहणं-जेवण विद्यापीठातच. त्या खर्चाचा काही हिस्सा नोकरी लागल्यावर फेडायचा. आपल्याकडे प्रवेश मिळाला की खरी परीक्षा सुरू: रूम, डिपॉझिट, मेस. त्याला तीन घरमालकांनी “फॅमिलीलाच देतो” सांगितलं, आणि तिसऱ्याकडे त्याच आठवड्यात चार पोरं राहायला आली. शिवाय आमचं शेवटच्या पंधरा दिवसांत जुन्या प्रश्नपत्रिका पाठ करून पास होणं त्याला कधीच पटलं नाही. मला अजूनही पटतं.

आता मुद्द्याचं. दिवाळीत हॉस्टेल रिकामं झालं, म्हणून त्याला गावी घेऊन गेलो. पुणे-धुळे-अमळनेर, सगळा प्रवास एस.टी.ने. पोचलो बुधवारी. आईने वरण-बट्टी केलेली, वर तुपाची धार. तो ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. बुधवार-शुक्रवार मांस, अंडी, दूध, तूप काहीच नाही. मी सांगितलं, “त्याचा उपास आहे.” आईने लगेच भगर टाकली आणि वाटीभर दही पुढे केलं. झालं, दहीही चालेना. शेवटी त्याने बोट दाखवलं चुलीजवळच्या भरताकडे आणि कळण्याच्या भाकरीकडे. आजी थक्क: “भाकर खाईसन उपास? आसा कसा उपास?” त्याने अडीच भाकरी खाल्ल्या. ज्वारी बघून म्हणाला, “ही आमची मशिला.” ज्वारीचं मूळ तिकडचंच, ईशान्य आफ्रिकेतलं. आजीने हे मरेपर्यंत मान्य केलं नाही.

मग दादा सुरू झाला. स्टेशन रोडपासून पारापर्यंत मिरवणूक. “विप्रो आमच्या अमळनेरची, 1945 सालची,” हे त्याला दिवसातून चारदा. पोरंसोरं केसांना हात लावून पळायची. दुसऱ्या दिवशी फेटा बांधून बैलगाडीवर बसवलं, कासरा हातात दिला आणि फोटो काढला. जणू बैल त्याने पहिल्यांदाच पाहिले! त्याचे वडील आजही बैलांनी नांगरतात. पण विचारलं कोणी?

विचारलं माझ्या बापाने, तेही न बोलता. हरभऱ्याच्या रानात वखरणी चालू होती. बाबांना तंबाखू मळायची होती, त्यांनी वखर सरळ त्याच्या हातात दिला. पहिल्या फेरीला बैल बुचकळ्यात पडले, कारण त्याची हाक वेगळी. तिसऱ्या फेरीला सरळ ओळ. बाबा वाकून मातीचं ढेकूळ फोडत म्हणाले, “येले येस.” म्हणजे आमच्या अहिराणीत, याला येतं. सात दिवसांत दोघांमध्ये वीस शब्द झाले असतील. निघताना जेवणावर त्याने पहिला घास बाबांना भरवला. तिकडे माया दाखवायची तीच रीत. आमच्याकडे घास भरवतात तो लग्नात, त्यामुळे बाबा लाजून लाल.

तेव्हा मैत्री करायची तर त्याला काम सांगा. त्याच्या नोट्स मागा, गाडी ढकलायला बोलवा, त्याच्याशी भांडा. इंग्रजी सुधारायला मैत्री करणार असाल तर क्लास लावा, स्वस्त पडेल. आणि पाहुणा म्हणून डोक्यावर घेऊ नका. दादा म्हणतो, “प्रेमच होतं ते.” असेल. पण जत्रेतल्या हत्तीवरही लोकांचं प्रेमच असतं.

हां, सगळे सारखे नसतात. माझा अनुभव एका माणसाचा. कोणाला फोटो आवडतही असतील, आणि कोणाला वखर बघून ताप येईल. शिवाय दादाने त्या आठवड्यात त्याच्यासाठी स्वतःची खोली रिकामी केली होती आणि ओसरीत झोपला होता, हेही सांगायला हवं.

तरी दादा, तू हे वाचत असशील तर: बैठकीतला तो फेट्याचा फोटो काढ. त्यात तो एकटाच हसत नाहीये.