शिशाचा पत्रा मागवण्याआधी सील वाकवून बघा

भुसा आणि पेंढा इलेक्ट्रॉन बीमखालून नेणाऱ्या लाइनवर व्हायब्रेटरी कन्व्हेयरची बेअरिंग सील चार महिन्यांत तडकतात, केबलचं आवरण ठिसूळ होतं, पुरवठादार म्हणतो शिशाचा पत्रा चढवा, आणि तुमचा प्रश्न आहे की ३ मिमी पुरेल की ५ घ्यावा. माझं मत विचाराल तर तूर्त एकही घेऊ नका.

हा सल्ला किती महाग पडतो ते चांगलं ठाऊक आहे. आमच्या यंत्राच्या पुरवठादाराचं सेवा कार्यालय (नाव घेत नाही) प्रत्येक फुटलेल्या सीलवर एकच शेरा मारायचं: किरणोत्सर्गाने खराब, शिल्डिंग वाढवा. सील हातात घेऊन पाहिलं नाही, बीमची ऊर्जा विचारली नाही, हवा कुठून येते नि कुठे जाते याची चौकशी नाही. वर बदली म्हणून पुन्हा त्याच नायट्राइल रबराचं सील पाठवायचं! किरणोत्सर्गाचं सर्वेक्षण करणाऱ्यांकडे जावं तर ते भिंतीबाहेरचे आकडे दाखवतात. ते आकडे बरोबरच असतात, पण ते माणसांसाठी असतात. भिंतीच्या आत यंत्राच्या कुठल्या भागाला किती डोस (त्यात शोषला गेलेला किरणोत्सर्ग) बसतो हे मोजणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं, आणि या फटीत वर्षभराचे सुटे भाग वाया जातात.

आता मूळ मुद्दा. खोलीतली हवा बीमखाली आली की ओझोन तयार होतो, शिवाय नायट्रोजनचे ऑक्साइड. ओल्या मालाची वाफ त्यात मिसळली की नायट्रिक आम्ल. शिसं वायूला अडवत नाही. उलट उघडं शिसं या आम्लाने खाल्लं जातं, पांढरी पूड धरतं आणि ती पूड मालात पडते.

जुनं सील घ्या, भिंगाखाली धरून वाकवा. भेगा फक्त वरच्या थरात असतील, ताणाच्या दिशेला आडव्या, आणि जिथे रबर ताणलेलं नव्हतं तो भाग गुळगुळीत असेल, तर हे ओझोनचं काम. कापल्यावर आरपार सारखंच कडक, काचेसारखं तुटणारं निघालं तर डोस. ब्यूटिल असेल तर ते डोसने कडक व्हायच्या ऐवजी चिकट होतं, हेही लक्षात असू द्या.

खात्री करायची तर त्याच रबराच्या २ मिमी जाड पट्ट्या कापा आणि ८ मिमीच्या स्टेनलेस सळईवर वाकवून स्टेनलेस तारेने बांधा. बाहेरच्या पृष्ठावर साधारण २० टक्के ताण येतो. एक पट्टी सीलशेजारी उघडी टांगा. दुसरी तशीच बांधून ॲल्युमिनियम फॉइलच्या पाकिटात सीलबंद करा आणि पहिलीला लागून ठेवा. तिसरी बाहेरच्या खोलीत. पाकीट ओझोन अडवतं, बीम धातूवर आदळून निघणारे क्ष-किरण नाही. उघडी फाटली आणि पाकिटातली शाबूत राहिली, तर शिशाचा विषय तिथेच संपला. दोन्ही कडक झाल्या तर मग पुढचं वाचा.

डोस खरंच मोजा. ॲलनिन डोसिमीटर १ ग्रेपासून (ग्रे हे डोसचं एकक, किलोमागे एक ज्यूल) सुमारे १०० किलोग्रेपर्यंत चालतात, त्याहून जास्त डोसच्या जागी डोस मोजणारी ट्रायॲसिटेटची फिल्म. तीही सीलबंद पाकिटात, कारण ओल आणि ओझोनने वाचन बिघडतं. एखाद्या कोपऱ्यात तासाला १० ग्रे म्हणजे किरकोळ वाटतं, पण दिवसाला २० तास चालणाऱ्या लाइनवर वर्षाला ७३ किलोग्रे होतात. पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) बुश त्याच्या कितीतरी आधी, काही किलोग्रेमध्येच, भुगा होतं. साधी इलेक्ट्रॉनिक्स तर दिवस-दोन दिवसांतच दगा देऊ शकते. म्हणून सेन्सरचं कार्ड, ड्राइव्ह, कॅमेरा सगळं भिंतीबाहेर. आत फक्त आरसा आणि स्टेनलेसची यांत्रिक जोडणी.

शिल्डिंग लागलंच तर जाडीआधी जागा ठरवा. १ एमईव्हीच्या (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या) फोटॉनसमोर, म्हणजे क्ष-किरणांच्या कणासमोर, ३ मिमी शिसं जेमतेम पाचवा हिस्सा अडवतं. पण तोच भाग बीम जिथून बाहेर पडतो त्या खिडकीच्या आणि कन्व्हेयरच्या पॅनच्या थेट नजरेआड नेला, की त्याच्यापर्यंत विखुरलेलेच किरण पोचतात. एकदा ९० अंशांत विखुरलेल्या फोटॉनची ऊर्जा ०.५११ एमईव्हीच्या वर जात नाही, आणि पाव एमईव्हीला आल्यावर तोच ३ मिमी पत्रा ८५ टक्क्यांच्या आसपास अडवतो. मोटर पॅनखालून काढून भिंतीआड नेणं हे टनभर शिशापेक्षा जास्त कामाचं. आणखी एक: भटके इलेक्ट्रॉन थेट शिशावर घेऊ नका, त्यातून क्ष-किरण वाढतात. आधी ॲल्युमिनियम (१ एमईव्हीला साधारण २ मिमी, ५ एमईव्हीला सुमारे १२), त्यामागे शिसं, आणि शिशाला चहूबाजूंनी वेल्ड केलेलं स्टेनलेसचं आवरण.

ओझोनचा बंदोबस्त हवेच्या वाटेत आहे. खिडकी थंड करणारी हवा खोलीभर सोडली की ती बेअरिंगवरूनच एक्झॉस्टकडे जाते, बहुतेक ठिकाणी दुखणं इथेच असतं. बीमच्या हॉर्नला (खिडकीकडे पसरत जाणाऱ्या नळकांड्याला) लागून हवेची ओढ घ्या, बेअरिंगच्या पेटीत बाहेरची स्वच्छ हवा नळीने द्या आणि आत ५०-१०० पास्कल जास्तीचा दाब ठेवा. पंखा बंद पडला की बीम बंद, असा इंटरलॉक पाहिजेच. हवेऐवजी नायट्रोजन सोडला तर ओझोन आणखी घटतो, पण मग ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेल्यावर वाजणारा अलार्म नसेल तर ते करूच नका. आत जाण्याआधी ओझोन ०.१ पीपीएमखाली आल्याचं मीटरवर पाहा, नाकावर विसंबू नका, नाक सरावतं.

सीलसाठी ईपीडीएम रबर घ्या, ते ओझोन आणि डोस दोन्ही बऱ्यापैकी सोसतं. मात्र खनिज तेलाच्या ग्रीसमध्ये फुगतं, म्हणून ग्रीस आधी जुळवा. जिथे डोस फार तिथे पीक (PEEK, एक टणक प्लास्टिक) किंवा धातूचं सील. पीव्हीसी केबल आत नकोच, तिच्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि ते स्टेनलेसलाही सोडत नाही. उघडं तांबं, पितळ, जस्ताचा मुलामा हेही बाहेर.

तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो: पॅनच्या कडेला, खिडकीखाली साचलेली धूळ रोज झटका. पुढे सरकणाऱ्या मालाला १०० किलोग्रे बसले तर किलोमागे १०० किलोज्यूल, म्हणजे कोरड्या भुशाचं तापमान साधारण ६५ अंशांनी वाढतं. साचलेली धूळ मात्र तिथेच बसून डोस खात राहते, काळी पडते, आणि आसपास ओझोन असताना ती पेटायला वेळ लागत नाही. कन्व्हेयर थांबला किंवा स्कॅन मॅग्नेट (बीम आडवा फिरवणारा चुंबक) बंद पडला तर बीम त्याच क्षणी तुटतो का, हे दर देखभालीला प्रत्यक्ष तपासा, कागदावर टिक करून नाही.

हे सगळं तुमची ऊर्जा, बीमची ताकद आणि खोलीचा नकाशा न बघता लिहिलंय. शिल्डिंगमध्ये किंवा हवेच्या वाटेत बदल करायचा तर किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याची मंजुरी आणि नंतर नव्याने सर्वेक्षण लागेल, भिंतीतून नळी काढणार असाल तर नक्कीच. ती सरळ न काढता दोन वळणं देऊन काढा. बीमची ऊर्जा आणि एक्झॉस्ट नेमका कुठे आहे ते लिहा, आणि पट्ट्यांचे फोटो टाका.