वाचकांचे प्रश्न : पाहणारे पुष्कळ, घेणारे मोजके

प्रश्न : मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते. सोलापुरी चादरीच्या कापडापासून पिशव्या, उशांचे अभ्रे, टेबल रनर आणि मुंज, बारसे, डोहाळजेवण अशा प्रसंगी द्यायचे भेटसंच मी आणि माझ्या दोन सहकारी हाताने शिवून तयार करतो. दीड वर्षापूर्वी आम्ही स्वतःची वेबसाइट सुरू केली. गेल्या महिन्यात तिच्यावर १,८०० जण येऊन गेले, पण ऑर्डरी आल्या अवघ्या ९. वेबसाइट करून देणारे गृहस्थ म्हणतात की डिझाइन जुने झाले आहे, ३५,००० रुपयांत नवे करून घ्या. भाचा म्हणतो, 'फक्त २ नग शिल्लक' अशी पाटी आणि उलटे मोजणारे घड्याळ लावले की लोक पटापट घेतात. जाहिरातीवर आणखी पैसे घालावेत, असेही मनात येते. काय करावे? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : हे तिन्ही उपाय तूर्त बाजूला ठेवावेत, कारण आलेली माणसे नेमकी कुठून परत फिरतात हे आपल्या पत्रातून कळत नाही आणि ते कळल्याशिवाय केलेला कोणताही खर्च अंदाजपंचे ठरेल. १,८०० मागे ९ म्हणजे अर्धा टक्का. हा आकडा लहान आहे खरा, परंतु त्या १,८०० जणांमध्ये रील पाहता पाहता बोट लागून आलेले किती, अंथरुणावर घालायच्या चादरीचा भाव शोधत आलेले किती आणि आपलेच नातेवाईक किती, हे आधी वेगळे काढायला हवे. वेबसाइटवरच्या भेटींची नोंद ठेवणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये कोण कुठून आले ते दिसते. शिवाय, वस्तूचे पान उघडले, वस्तू कार्टमध्ये टाकली, पत्ता भरायला घेतला आणि पैसे भरले, या चार पायऱ्यांची नोंद आपल्या वेबसाइटवाल्याकडून सुरू करून घ्यावी. ३५,००० च्या मानाने हे काम किरकोळ आहे. व्हॉट्सॲपवर विचारपूस करून ज्यांनी परस्पर माल घेतला, त्यांची मोजणीही यातच धरावी. आपल्या प्रकारच्या धंद्यात मोठी ऑर्डर बहुधा फोनवरच ठरते, त्यामुळे खरा आकडा कदाचित ९ पेक्षा बराच जास्त असेल.

समजा, १,८०० पैकी ६०० जणांनी एखादी वस्तू उघडून पाहिली, ४० जणांनी ती कार्टमध्ये टाकली आणि ९ जणांनी पैसे भरले. तर मग सर्वांत आधी त्या ३१ जणांकडे पाहावे. कार्ट भरून अर्ध्यावर सोडून जाणे हा काही आपल्या एकटीच्या वाट्याला आलेला अनुभव नाही. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड या डॅनिश संस्थेने अनेक पाहण्यांवरून काढलेली याची सरासरी सुमारे ७० टक्के आहे आणि नुसते चाळायला आलेल्यांना वगळले, तर सोडून जाण्याचे पहिले कारण लोक सांगतात ते शेवटी वाढणारा खर्च. ३१ पैकी ६ जण जरी थांबले तरी ९ च्या १५ ऑर्डरी होतात, आणि त्यासाठी जाहिरातीवर एक रुपयाही जास्त लागत नाही.

आपली वेबसाइट मी उघडून पाहिली. ६५० रुपयांची पिशवी निवडली, नाव, पत्ता, पिनकोड, फोन सारे भरले आणि अगदी शेवटच्या पानावर १४० रुपये कुरिअरखर्च वर चढला. घेणारा चिडतो तो त्या १४० रुपयांपेक्षा ते इतक्या उशिरा कळल्यामुळे. हा खर्च वस्तूच्या किमतीशेजारीच लिहावा, किंवा किमतीतच धरून 'घरपोच ७९०' असे स्वच्छ लिहावे; मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे. त्याबरोबरच खोक्याचे मापही घ्यावे. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतले जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागतात. ३० बाय २५ बाय १२ चे खोके घेतले तर आत ७०० ग्रॅमची पिशवी असली तरी हिशोब १ किलो ८०० ग्रॅमचा होतो. तीच पिशवी नीट घडी घालून ६ सेंटिमीटर उंचीच्या खोक्यात बसवली, तर तो ९०० ग्रॅमवर येतो. खोके दिसायला भारदस्त हवे, हा आग्रह किती महाग पडतो ते यावरून ध्यानात यावे.

आता भेटवस्तूच्या मुख्य गोष्टीकडे येतो. स्वतःसाठी पिशवी घेणारी बाई चार दिवस उशीर झाला तर कुरकुर करील आणि सोडून देईल. परंतु रविवारच्या बारशासाठी घेतलेला संच सोमवारी पोहोचला, तर त्याचा काहीही उपयोग नाही. म्हणून भेट घेणाऱ्याच्या मनात किमतीच्याही आधी तारखेचा प्रश्न असतो, आणि आपल्या वेबसाइटवर त्याचे उत्तर '५ ते १० दिवस' एवढेच आहे. हे ५ ते १० दिवस शिवण्याचे, पोहोचवण्याचे की दोन्हींचे? पिनकोड टाकताच 'आज ऑर्डर दिल्यास पुण्यात गुरुवार, १४ तारखेपर्यंत पोहोचेल' असे वाक्य दिसेल, अशी सोय करून घ्यावी. तांत्रिकदृष्ट्या ते जमत नसेल, तर तयार माल आणि ऑर्डरीनंतर शिवायचा माल असे दोन गट करून प्रत्येकाचे दिवस हाताने लिहावेत आणि दर सोमवारी ते तपासावेत. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेमुळे आपले काम दोन-चार दिवस थांबत असेल, तर तेही त्यात धरावे, कारण संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे वाण घेणाऱ्यांची घाई नेमकी त्याच सुमारास सुरू होते आणि ती रथसप्तमीपर्यंत चालते. वाणासाठी कोणी एक नग घेत नाही, २५ किंवा ५१ घेतात. अशांसाठी वेगळे पान करून त्यावर संख्येनुसार दर, लागणारे दिवस आणि व्हॉट्सॲपचा क्रमांक द्यावा.

दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवायच्या वस्तूबाबत घेणाऱ्याला आणखी काही शंका असतात, ज्या तो विचारत नाही. नुसता निघून जातो. पार्सलमध्ये किंमत लिहिलेली चिठ्ठी जाईल का? सोबत चार ओळींचा निरोप घालता येईल का? कुरिअरवाला फोन कोणाला करणार, मला की जिला भेट द्यायची तिला? नव्या पेठेतल्या दुकानात हे प्रश्न गल्ल्यावर विचारले जातात आणि दुकानदार लागलीच उत्तर देतो. वेबसाइटवर ती उत्तरे आधीच लिहून ठेवावी लागतात, आणि तीही 'नेहमीचे प्रश्न' अशा आडबाजूच्या पानावर न ठेवता 'विकत घ्या' या बटणाच्या लगतच.

वर्णनाविषयी स्पष्ट बोलतो. आपल्या पिशवीखाली 'प्रेमाने घडवलेली सुंदर हस्तनिर्मित पिशवी' असे लिहिले आहे. यातून ग्राहकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहावे : 'सोलापुरी चादरीच्या कापडाची खांद्यावरची पिशवी. रुंदी १४ इंच, उंची १५ इंच. शाळेची मोठी वही आणि डबा आरामात बसतो. आतून सुती अस्तर, एक चेनचा कप्पा. कापड यंत्रमागावर विणलेले, शिवण आमच्या हातची. पहिल्या दोन धुण्यांत रंग थोडा जाऊ शकतो, म्हणून वेगळी धुवावी.' शेवटची दोन वाक्ये वाचून गिऱ्हाईक पळेल, अशी भीती वाटेल, पण माझे मत उलट आहे. जी विकणारी रंग जाण्याचे आधी सांगते, तिने सांगितलेल्या मापावरही विश्वास बसतो. यंत्रमागाच्या कापडाला हातमागाचे म्हणण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. 'सोलापुरी चादर' हे भौगोलिक मानांकन लाभलेले नाव असल्याने बाहेरगावच्या कापडाला ते चिकटवू नये, हेही ओघाने आलेच. फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी काढावेत. एक फोटो कोणाच्या तरी खांद्यावरचा, एक पिशवी उघडून आतला आणि एक विणीचा अगदी जवळून, एवढे पुरे. मात्र ते चार-चार एमबीचे चढवू नयेत. मोबाइलवर पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा मापदंड आहे. गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्स या पानावर तो फुकट तपासता येतो.

भाच्याच्या सूचनेबद्दल : खरोखरच दोन नग उरले असतील, तर तसे अवश्य लिहावे. नसतील, तर ती पाटी खोटी तर आहेच, शिवाय नियमाबाहेरचीही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या वेबसाइटवरच्या फसव्या रचनांविरुद्ध ('डार्क पॅटर्न') जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत अशा १३ प्रकारांची यादी असून खोटी घाई निर्माण करणे हा त्यांतला एक प्रकार आहे. किमतीतला भाग शेवटी उघड करणे हा दुसरा. आपला कुरिअरखर्चही याच कारणासाठी पुढे आणावा.

राहिला नव्या डिझाइनचा प्रश्न. नवे डिझाइन जुन्यापेक्षा सरस ठरले, हे आपल्याला कळणार कसे? खरेदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्यावरून थेट एक टक्क्यावर, म्हणजे दुप्पट झाले, तरी तो निव्वळ योगायोग नाही असे खात्रीने म्हणण्यासाठी दोन्ही डिझाइनांना मिळून नऊ हजारांहून अधिक भेटी लागतात. महिन्याला १,८०० च्या हिशोबाने पाच महिने गेले. त्यापेक्षा ओळखीच्या पाच जणींना, वेबसाइट पूर्वी न पाहिलेल्यांना, मोबाइल हातात देऊन 'मामेबहिणीच्या बारशाला पुण्याला काहीतरी पाठव' असे सांगावे आणि शेजारी बसून, मध्ये एक शब्दही न बोलता, त्यांचे बोट कुठे अडते ते पाहावे. न बोलणे हेच त्यातले अवघड काम आहे. जाहिरात त्यानंतर.

प्रश्न : मी कागदी आकाशकंदील आणि शोभेच्या वस्तू करून वेबसाइटवर विकतो. कॅश ऑन डिलिव्हरी सुरू केल्यापासून ऑर्डरी वाढल्या, पण बरीच पार्सले परत येतात. ती सोय बंद करावी का? — एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : सरसकट बंद करू नये, नव्या विक्रेत्यावर विश्वास नसलेल्या ग्राहकाला तोच एक आधार असतो. परंतु परत आलेल्या पार्सलाचा जातानाचा आणि बहुतेक वेळा येतानाचाही खर्च आपल्याच माथी बसतो, आणि कागदी कंदील दोन प्रवासांनंतर पुन्हा विकण्याजोगा राहील याची खात्री नाही. त्यामुळे वस्तूवर नाव घालून घेणाऱ्यांकडून पूर्ण रक्कम आधी घ्यावी. इतरांकडून थोडी रक्कम यूपीआयने आगाऊ घेऊन उरलेली दारात घ्यावी, आणि पाठवण्यापूर्वी एक फोन करावा. दुसऱ्याच्या पत्त्यावर जाणाऱ्या भेटीला मात्र ही सोय मुळीच देऊ नये. वाढदिवसाच्या दिवशी दार उघडणाऱ्या माणसाकडेच भेटीचे पैसे मागितले गेले, तर त्याला काय वाटेल ते वेगळे सांगायला नको.

प्रश्न : वेबसाइट मराठीत ठेवावी की इंग्रजीत? आमच्याकडे तेलुगू आणि कन्नड बोलणारे ग्राहकही येतात. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : वस्तूचे वर्णन मराठी आणि इंग्रजी दोन्हींत द्यावे, मात्र ते यंत्राकडून भाषांतर करवून न घेता स्वतः लिहावे. पत्ता भरण्याची आणि पैसे देण्याची पाने लोकांच्या सवयीच्या शब्दांतच राहू द्यावीत. तिथे 'कार्ट' आणि 'पेमेंट' हेच चालते. तेलुगू आणि कन्नडसाठी आज वेगळी पाने करू नयेत. त्या भाषा आपल्याला बोलता येत असतील, तर व्हॉट्सॲपच्या बटणाशेजारी तसे लिहावे.