वाचकांचे प्रश्न : पॅरामोटरचे इंजिन विकत घेण्याआधी

पॅराग्लायडरच्या विंगखाली, म्हणजे दोऱ्यांनी अंगाला जोडलेल्या मोठ्या कापडी पंखाखाली, पाठीवर इंजिन आणि पंखा बांधून सपाट मैदानावरून उडण्याच्या प्रकाराला पॅरामोटर म्हणतात. त्याविषयी गेल्या अंकात एक टिपण आले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी, अनेकांना उपयोगी पडतील अशा प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मी फलटण तालुक्यातील शेतकरी असून माझे वय 46 आणि वजन 80 किलो आहे. ओळखीचे एक गृहस्थ त्यांचा जुना पॅरामोटर विंगसह विकत आहेत. विंगवर 80 ते 105 किलो अशी मर्यादा छापलेली आहे, म्हणजे ती मला चालावी असे वाटते. माझे स्वतःचे मोकळे रान आहे आणि दोन दिवसांत उडता येईल असे विक्रेते म्हणतात. घ्यावा का?

उत्तर : ही विंग तर घेऊच नका. छापलेली मर्यादा माणसाच्या वजनाची नसून हवेत जाणाऱ्या एकूण भाराची असते. आपल्या बाबतीत तो हिशेब असा होईल : आपले 80 किलो, इंजिन आणि हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे व आसन) मिळून साधारण 28, टाकीत दहा लिटर पेट्रोल असेल तर त्याचे सुमारे 7, विंगचे 6, आणि हेल्मेट, बूट, जाकीट व राखीव पॅराशूट यांचे 5. बेरीज 126 किलो होते, म्हणजे मर्यादेपेक्षा 21 किलो जास्त. काही विंगवर मोटार लावून उडण्यासाठी वेगळी आणि जास्त मर्यादा दिलेली असते, ती असल्यास अवश्य पाहावी. ती नसेल, तर अशी जास्त भार लादलेली विंग उतरताना जास्त वेगाने जमिनीकडे येते आणि हवेत तिची एखादी बाजू मिटलीच तर मर्यादेतील भाराची विंग जेवढी वळेल त्यापेक्षा जास्त जोराने गिरकी घेते.

दुसरा मुद्दा जुनेपणाचा आहे. विंग अंगणात पसरून तिचा रंग पाहणे ही तपासणी नव्हे. उन्हाने कापडावरचा लेप जातो आणि कापडातून हवा झिरपू लागते. ती किती झिरपते हे यंत्राने मोजावे लागते. दोऱ्यांची गोष्ट आणखी फसवी आहे. पुढच्या रांगांतील दोऱ्यांवर भार जास्त असल्याने त्या ताणलेल्या राहतात, मागच्या रांगांवर भार कमी असल्याने त्या काळाच्या ओघात थोड्या आखडतात, आणि काही सेंटिमीटरच्या या फरकाने विंग कायम ब्रेक (वळण्यासाठी व वेग कमी करण्यासाठी हाताने ओढायच्या मागच्या कडेच्या दोऱ्या) ओढल्यासारखी, शेपटी खाली धरून उडू लागते. अशी विंग जमिनीवरून उचलताना आळसावल्यासारखी वर येते आणि डोक्यावर न थांबता मागेच रेंगाळते. रंगाने ती नवीकोरी दिसू शकते, आणि याच कारणाने ती अधिक धोक्याची ठरते. विंग तपासणाऱ्या जाणकाराकडून दोऱ्यांची लांबी मोजल्याचा कागद मागावा. तो नसेल तर तपासणीचा खर्च किमतीतून वजा धरावा.

इंजिन पाहताना धुराड्याच्या पकडीजवळ चीर आहे का आणि धुराड्याच्या स्प्रिंगांना सुरक्षेची तार बांधलेली आहे का, हे आधी पाहावे. तेथून सुटलेला एखादा तुकडा थेट पंख्यात जातो.

आता मोकळ्या रानाविषयी. आपल्या भागातील ऊसपट्ट्यात प्रत्येक विहिरीच्या पंपापर्यंत विजेची तार गेलेली असते, आणि हवेतून खांब दिसतात पण तारा दिसत नाहीत. दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहेच असे धरून चालावे. रानाभोवती पायी फिरून प्रत्येक खांबाची जागा कागदावर मांडल्याशिवाय तेथून उडण्याचा विचार करू नये. बांधावरच्या झाडांच्या रांगेमागे वारा गोल फिरतो आणि हा गोंधळ झाडांच्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत जाणवू शकतो, हेही लक्षात ठेवावे. मार्च-एप्रिलमध्ये वावटळी उठू लागण्याच्या आत, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास, विंग गुंडाळून ठेवलेली बरी.

दोन दिवसांत उडता येण्याविषयीचे उत्तर पुढील प्रश्नात मिळेल.

प्रश्न : माझी 22 वर्षांची मुलगी कामशेतला पॅरामोटर शिकायला जाऊ इच्छिते. चांगले प्रशिक्षण कसे ओळखावे? आम्हा आईवडिलांना यातले काहीच कळत नाही. (ठाणे)

उत्तर : आपण एका सकाळी स्वतः मैदानावर जाऊन बसावे. पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्याच्या पाठीवर इंजिन चढवले जात असेल, तर तेथून मुलीला घेऊन परत यावे. चांगल्या ठिकाणी पहिले काही दिवस इंजिनाचे नावही निघत नाही. विद्यार्थी वाऱ्याकडे तोंड करून, कधी वाऱ्याकडे पाठ करून, रिकाम्या हार्नेसमध्ये विंग वर उचलतो, डोक्यावर तोलून धरतो, चालतो, थांबतो आणि परत खाली ठेवतो. मैदानावर याला सगळे ग्राउंड हँडलिंगच म्हणतात. पाहणाऱ्याला ते कंटाळवाणे वाटते आणि शिकणाऱ्याचे खांदे भरून येतात. पण विंग कोणत्या बाजूला झुकते आहे हे वर न पाहता, कमरेवरच्या ओढीवरून कळू लागेपर्यंत हे चालू राहिले पाहिजे. त्यानंतर शक्यतो छोट्या टेकडीवरून इंजिनाशिवाय काही उड्डाणे व्हावीत. कामशेतच्या परिसरात अशा टेकड्या आहेत, ही मोठी सोय आहे.

इंजिन आल्यावर शिकायच्या गोष्टी वेगळ्या असतात. पंखा एका दिशेने फिरतो, त्यामुळे उडणाऱ्याचे शरीर उलट दिशेने वळू पाहते. नवखा विद्यार्थी पाय जमिनीवरून सुटताच घाईने बसकण मारतो, थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवणारा हातातील खटका) पूर्ण दाबतो आणि वळण थांबवण्यासाठी एका बाजूचा ब्रेक ओढून धरतो. या तीन गोष्टी एकत्र आल्या की जमिनीपासून पाच-दहा मीटरवर विंगचा वेग संपून ती एका अंगाने कोसळू शकते. म्हणून शिक्षक रेडिओवर सतत 'हात वर, पळत राहा' असे सांगत असतो. शिक्षकाचा हा आवाज शांत आहे की ओरडणारा, याकडे आपण लक्ष द्यावे; मी स्वतः शिक्षकाची पारख बऱ्याच अंशी यावरून करतो.

इंजिन कसे सुरू केले जाते तेही पाहावे. या खेळातील पुष्कळ दुखापती हवेत होत नाहीत, त्या जमिनीवर पंख्यामुळे होतात. माझ्या डाव्या तळहातावर एक आडवा व्रण आहे. भाताच्या कापलेल्या खाचरात सकाळी सात वाजता मी जमिनीवर ठेवलेले इंजिन सुरू केले. थ्रॉटलची केबल पट्ट्याखाली चेपली गेली होती, हे मी पाहिले नव्हते. इंजिनाने क्षणात पूर्ण जोर धरला, इंजिनाचा सांगाडा माझ्या अंगावर आला आणि त्याला थोपवताना पंख्याभोवतीची जाळी आत दबून माझा हात पंख्याच्या टोकाला लागला. हातमोजा जाड होता म्हणून बोटे राहिली. तेव्हापासून थ्रॉटल हातात घेऊन, तो मोकळा परत येतो हे दोनदा दाबून पाहिल्याशिवाय मी इंजिनाला हात लावत नाही. जेथे विद्यार्थ्यांना हे शिकवले जाते आणि इंजिन सुरू होताना बघे मागून व बाजूने हटवले जातात, ते ठिकाण योग्य समजावे.

प्रश्न : आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाळूचा लांब पट्टा आहे. समुद्रावर पडलो तरी पाणीच आहे, मग जमिनीपेक्षा धोका कमी नाही का?

उत्तर : उलट फार जास्त आहे. पॅरामोटरच्या खेळात पाण्यात उतरणे हे मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. रिकामी होत आलेली पेट्रोलची टाकी तरंगते, हार्नेसचे पट्टे छाती आणि मांड्यांना बांधलेले असतात, आणि त्यामुळे माणूस पालथा होऊन इंजिन त्याच्या पाठीवर राहते. वरून विंगच्या दोऱ्या येऊन गुंततात आणि लाट विंगला ओढू लागते. पोहता येणाऱ्यालाही अशा वेळी पोहता येत नाही. साधे जीवरक्षक जाकीट इंजिनासह माणसाला सरळ ठेवण्यास पुरेसे नसते. त्यासाठी सांगाड्याला लावायची, पाणी लागताच आपोआप फुगणारी साधने मिळतात आणि किनाऱ्यावर उडणाऱ्याने ती लावलीच पाहिजेत. तरीही खरा नियम उंचीचा आहे. इंजिन या क्षणी बंद पडले तर वाळूवर पोहोचता येईल, एवढी उंची सतत हवी. शांत हवेत 100 मीटर उंचीवरून साधारण 500 ते 600 मीटर अंतर तरंगत कापता येते, पण जमिनीकडून वारा येत असेल तर तेच अंतर निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. पहाटे कोकणात वारा जमिनीकडूनच वाहतो.

प्रश्न : अंतराळाच्या उंबरठ्यावरून, सुमारे 39 किलोमीटर उंचीवरून उडी मारणारे फेलिक्स बाउमगार्टनर 2025 च्या जुलैमध्ये इटलीत पॅरामोटरच्या अपघातात गेले. त्यांच्यासारखा अनुभवी माणूस वाचत नसेल तर राखीव पॅराशूटचा उपयोग काय? (नाशिक)

उत्तर : त्या अपघाताच्या बातम्यांत विंग गिरक्या घेत खाली आल्याचा उल्लेख वारंवार आला, म्हणून गिरकीविषयीच लिहितो. विंग तीव्र गिरकीत गेली की उडणाऱ्याच्या अंगावर त्याच्या वजनाच्या तीन-चार पट भार येतो, हात जड होतात आणि काही सेकंदांत दृष्टी अंधारू लागते. मोटारच्या वजनामुळे गिरकीचा जोर आणखी वाढतो आणि काही विंग ब्रेक सोडल्यावरही गिरकीतून आपणहून बाहेर येत नाहीत. अशा वेळी राखीव पॅराशूट उपयोगी पडते ते उंची शिल्लक असेल तरच, कारण ते फुगेपर्यंत पन्नासएक मीटर सहज खर्च होतात. म्हणून कमी उंचीवर गिरक्या घ्यायच्याच नाहीत. पॅराशूटचे हँडल प्रत्येक उड्डाणाच्या सुरुवातीला डोळे मिटून चाचपावे. फेकताना आधी इंजिन बंद करावे, मगच पंख्यापासून दूर, मोकळ्या हवेत जोराने फेकावे. पॅराशूट वर्षातून किमान एकदा, आणि कोकणासारख्या दमट हवेत सहा महिन्यांनी, उघडून वाळवून परत घडी घालून घ्यावे.

प्रश्न : पंपावरचे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पॅरामोटरला चालते का? परवाना लागतो का? (कोल्हापूर)

उत्तर : पेट्रोलविषयी इंजिनाच्या पुस्तिकेत जे लिहिले आहे ते अंतिम मानावे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि कार्ब्युरेटरमधील पातळ रबरी पडदा लवकर कडक करते. मिश्रण विरळ झाल्याने इंजिन जास्त तापते, म्हणून कार्ब्युरेटर पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. तेल मिसळलेले पेट्रोल टाकीत आठवडाभर ठेवू नये. उड्डाण संपले की टाकी रिकामी करावी. तेलाचे प्रमाण सहसा लिटरला 20 ते 25 मिलिलिटर असते, पण तेही पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे.

परवानगीच्या बाबतीत, केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जून 2022 मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले असून त्यात पॅरामोटरचा समावेश आहे. विमानतळ आणि लष्करी तळांच्या आसपासचे आकाश मोकळे नसते; पुण्याचा लोहगाव विमानतळ तर हवाई दलाचाच तळ आहे. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोन व पॅराग्लायडरवर बंदीचे आदेश काढतात. त्यामुळे उडण्याच्या जागेच्या पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवावे आणि पोच असलेली प्रत हार्नेसच्या खिशात ठेवावी.